मॉड्यूलर वीजपुरवठा संच (संगणकाचा) : मूल्यमापन

घरगुती प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) विजेपासून संगणकाला लागणारे १२, ५ व ३.३ व्होल्टचे एकदिश दाब तयार करणारा आणि ज्याच्या केबल संचाच्या अंगावरून काढता-घालता येतात असा संच. बाजारात त्याला सरसकट ‘एसएमपीएस’ (स्विच्ड-मोड पॉवर सप्लाय) म्हणतात. साधारणपणे ८५० वॉटच्या पुढचे संच उच्च शक्तीचे समजले जातात. ही सीमा व्यवहारातली आहे, प्रमाणकातली नव्हे. आयबीएमच्या १९८१ मधील पीसीत ६३.५ वॉटचा संच होता. मेजावरच्या संगणकांसाठी एक हजार वॉटचे संच २००५ च्या सुमारास, एकाच यंत्रात दोन-दोन ग्राफिक्स कार्डे बसू लागली तेव्हा दिसू लागले. कवचाची मापे व जोडण्या इंटेलने १९९५ मध्ये पुढे आणलेल्या एटीएक्स प्रमाणकाला धरून असतात.

उगम : सुट्या केबलचा संच प्रथम कोणी आणला याविषयी एकमत नाही. बहुतेक लेखक अमेरिकेतील अल्ट्रा प्रॉडक्ट्स या कंपनीच्या ‘एक्स-कनेक्ट’ या, २००४ च्या सुमारास आलेल्या संचाला श्रेय देतात. या कंपनीने कल्पनेचे एकस्व (पेटंट) घेतले व त्याच्या आधारे अनेक उत्पादकांवर दावे लावले, त्यामुळे तिचे नाव चर्चेत राहिले. मात्र उपकरणाच्या कवचावर जोडणी ठेवून तारा बाहेरून लावण्याची रीत औद्योगिक व मापन उपकरणांत जुनीच आहे. त्यामुळे याला स्वतंत्र शोध म्हणण्यापेक्षा जुन्या रीतीचा एटीएक्स कवचात झालेला प्रवेश म्हणणे अधिक नेमके वाटते. औद्योगिक क्षेत्रात ‘मॉड्यूलर’ हा शब्द वेगळ्या अर्थाने, म्हणजे वेगवेगळ्या दाबांचे घटक एका चौकटीत बसवलेल्या संचासाठीही वापरतात. दोन्हींची गल्लत होऊ नये. मदरबोर्डाला जाणारी मुख्य २४ टाचण्यांची (पिनांची) केबल कायम जोडलेली ठेवून बाकीच्या सुट्या दिल्या, तर तो अर्धमॉड्यूलर संच होय.

जोडणीचा रोध : या रचनेवर सुरुवातीलाच एक तांत्रिक आक्षेप आला. पीसी पॉवर अँड कूलिंग या कंपनीचे म्हणणे असे होते की, तारेच्या वाटेत आणखी एक जोड आला की रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) वाढतो, दाब घटतो आणि जोड सैल झाल्यास तो तापतो. आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. समजा, एका टाचणीच्या जोडाचा रोध ५ मिलिओहम आहे आणि तीतून ८ अँपिअर प्रवाह वाहतो. तर दाब ४० मिलिव्होल्टने घटेल आणि जोडावर ०.३२ वॉट उष्णता निर्माण होईल. हे नगण्य आहे. परंतु उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहापैकी दोन टाचण्यांचा संपर्क बिघडला आणि त्यांचा भार उरलेल्या चारांवर आला, तर प्रत्येकीचा प्रवाह दीडपट आणि उष्णता सव्वादोनपट होते. म्हणजे चांगल्या, घट्ट बसलेल्या जोडाच्या बाबतीत मॉड्यूलर रचनेचे समर्थक बरोबर ठरतात. अर्धवट बसलेल्या जोडाच्या बाबतीत आक्षेपक.

हा वाद निकालात निघाला असे वाटत असताना तो दुसऱ्या टोकाला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला उपटला. जुन्या आठ टाचण्यांच्या जोडणीची मर्यादा १५० वॉट होती. त्याजागी आलेली १२व्हीएचपीडब्ल्यूआर ही सोळा टाचण्यांची जोडणी ६०० वॉट वाहून नेते. १२ व्होल्टला ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर. तो प्रवाह तिच्यातील १२ व्होल्टच्या सहा टाचण्यांत विभागला तर प्रत्येकीवर ८.३ अँपिअर येतात. टाचणीची क्षमता साधारण साडेनऊ अँपिअरच्या आतबाहेर, म्हणजे शिल्लक फारच थोडी. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॉटचे कार्ड आले आणि थोड्याच दिवसांत प्लग वितळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. प्लग पूर्ण आत न जाणे हे बऱ्याच प्रकरणांत कारण ठरवण्यात आले, तरी राखीव क्षमता कमी असणे हेही कारण असल्याचे मत टिकून आहे व ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. २०२३ मध्ये जोडणी सुधारून ‘१२व्ही-२×६’ केली गेली : संवेदक टाचण्या (प्लग बसल्याची खूण कार्डाला देणाऱ्या) आखूड केल्या, जेणेकरून प्लग अर्धवट असेल तर कार्ड पूर्ण शक्ती मागणारच नाही. उच्च शक्तीचा संच पारखताना म्हणूनच ही केबल मूळची आहे की तीन-चार जुन्या जोडण्या एकत्र करणारा तुकडा दिला आहे, हे आधी पाहावे.

केबलची अदलाबदल : प्रमाणक केबलचे केवळ मदरबोर्डाकडील, कार्डाकडील व डिस्ककडील टोक ठरवून देते. संचाकडील टोकावर कोणत्या टाचणीला कोणता दाब द्यायचा हे प्रत्येक उत्पादक, काही वेळा एकच उत्पादक दोन मालिकांत, निरनिराळे ठरवतो. प्लग मात्र बेमालूम बसतो. दुसऱ्या संचाची साटा (डिस्कला वीज देणारी) केबल लावल्याने ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्डडिस्क जळण्याचे प्रकार यातूनच घडतात.

लेबलावरील आकडा : एकूण वॉटपेक्षा १२ व्होल्टच्या वाहिनीवर (‘रेल’वर) किती अँपिअर मिळतात ते पाहावे, कारण प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड या दोन्हींची भूक त्याच वाहिनीवर भागते. १,००० वॉटच्या आधुनिक संचात १२ व्होल्टवर ८३ अँपिअरच्या आसपास असणे अपेक्षित असते. ५ व ३.३ व्होल्टचे आकडे फुगवून एकूण बेरीज वाढवण्याची रीत जुन्या स्वस्त संचांत होती. आता चांगल्या संचांत हे दोन्ही दाब १२ व्होल्टपासूनच वेगळ्या परिवर्तकाने तयार होतात, त्यामुळे ती पळवाट बरीच बंद झाली आहे.

१२ व्होल्टची वाहिनी एकच असावी की विभागलेली, हा दुसरा जुना वाद. एका तारसमूहावर २४० व्होल्ट-अँपिअरहून अधिक शक्ती नसावी हे बंधन सुरक्षा प्रमाणकातून एटीएक्समध्ये आले होते. २००७ च्या सुमारास ते काढले गेले. एकच वाहिनी असली की भार वाटण्याची चिंता राहत नाही. पण शंभर अँपिअरच्या वाहिनीवर एका तारेतील दोष संचाच्या संरक्षण मंडलाला (सर्किटला) जाणवेलच असे नाही. आगीच्या दृष्टीने विभागलेली वाहिनी अधिक सुरक्षित ठरते.

कार्यक्षमता : कार्यक्षमतेनुसार संचांना श्रेणी देणारी सर्वपरिचित ‘८० प्लस’ ही योजना २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. गोल्ड श्रेणीसाठी ११५ व्होल्टवर २०, ५० व १०० टक्के भाराला अनुक्रमे ८७, ९० व ८७ टक्के कार्यक्षमता लागते. भारतातील २३० व्होल्टवर तोच संच सहसा एक-दोन टक्के सरस चालतो. १,००० वॉट देताना ९० टक्के कार्यक्षमतेचा संच सुमारे १११ वॉट उष्णता बाहेर टाकतो, ८० टक्क्यांचा २५० वॉट. योजनेचा उपयोग इथपर्यंतच आहे. चाचणी २३ अंश सेल्सिअसच्या आसपास होते, तर कॅबिनेटातली हवा नागपूर-चंद्रपूरकडील मे महिन्यात त्याच्या दुपटीजवळ असते. शिवाय १,२०० वॉटच्या संचावर संगणक नुसता चालू असताना भार पाच-सहा टक्केच असतो, आणि गोल्ड श्रेणीत तो मोजलाच जात नाही. टायटॅनियम श्रेणीत मात्र १० टक्के भाराची अट आहे. गोल्डच्या सोनेरी चिन्हावरून दाबाची स्थिरता कळत नाही. गुणवत्तेचा शिक्का म्हणून त्याकडे पाहण्याची प्रथा मात्र पक्की झाली आहे. सायप्रसमधील सायबेनेटिक्सची प्रमाणने कमी भाराची व आवाजाचीही दखल घेतात, म्हणून तुलनेला अधिक उपयोगी वाटतात.

मोजमाप : खरी चाचणी इलेक्ट्रॉनिक भार (हवा तेवढा प्रवाह ओढणारे उपकरण) व दोलनदर्शक (ऑसिलोस्कोप) यांवाचून होत नाही. मुख्य केबलमधील हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवून पाहण्याने संच मेलेला नाही एवढेच कळते. ऊर्मिका, म्हणजे एकदिश दाबावर उरलेली थरथर, १२ व्होल्टवर शिखरापासून शिखरापर्यंत १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टच्या आत असावी लागते. उत्तम संचांत ती याच्या चौथाईहूनही कमी आढळते. पूर्ण भार, तापलेली हवा आणि फक्त १२ व्होल्टवर टाकलेला एकांगी भार, अशा तिन्ही स्थितींत ती पाहिली तरच आकड्याला अर्थ आहे.

क्षणिक भाराचे महत्त्व अलीकडे वाढले. ग्राफिक्स कार्ड सरासरी ४५० वॉट घेत असले तरी काही मायक्रोसेकंदांसाठी त्याच्या दुपटीहून अधिक ओढू शकते. फेब्रुवारी २०२२ च्या एटीएक्स ३.० ने १२व्हीएचपीडब्ल्यूआर जोडणीच्या मोठ्या संचांना घोषित शक्तीच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसण्याची अट घातली. जुने चांगले संचही अशा झटक्याला अतिभार समजून बंद पडत. उलटपक्षी, वीज गेल्यावर दाब टिकवून धरण्याचा काळ एटीएक्स ३.१ मध्ये पूर्ण भाराला १२ मिलिसेकंदांवर आला. नवे प्रमाणक प्रत्येक बाबतीत कडक असतेच असे नव्हे. इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर संगणक चालवणाऱ्यांनी हा आकडा यूपीएसच्या अदलाबदलीच्या (बॅटरीवर येण्याच्या) वेळेशी ताडून पाहावा. स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची तरंगाकृती काही संचांच्या शक्तिगुणक-सुधारणा (पॉवर फॅक्टर करेक्शन) मंडलाला मानवत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

भिंतीकडील बाजू परीक्षणांत बहुधा सुटते. १,६०० वॉटचा संच पूर्ण भाराला ९२ टक्के कार्यक्षमतेनेही २३० व्होल्टवर साडेसात अँपिअर ओढतो. त्याला घरातील ६ अँपिअरचे सॉकेट पुरत नाही, १६ अँपिअरचेच हवे. आर्थिंग नसेल तर आतील गाळणीच्या (फिल्टरच्या) धारित्रांमुळे (कपॅसिटरांमुळे) कॅबिनेटच्या पत्र्यावर वीजदाब येतो व हाताला झिणझिण्या बसतात. हा संचाचा दोष नसतो.

टिकाऊपणाचा अंदाज धारित्रांवरून बांधतात. १०५ अंशांची प्रत असलेली जपानी धारित्रे पसंत केली जातात. तापमान दर १० अंशांनी उतरले की विद्युत् अपघटनी (इलेक्ट्रोलिटिक) धारित्राचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डे अखंड चालवून चलन मिळवणे) थांबल्यावर वापरलेले उच्च शक्तीचे संच विक्रीला निघाले. अशा संचाची धारित्रे वर्षानुवर्षे अखंड भाराखाली तापलेली असू शकतात. वॉरंटीचे सील न तोडता त्यांची स्थिती पूर्ण भारावरील ऊर्मिकेवरूनच अजमावता येते.