स्पेनच्या बोबड्या राजाची कहाणी

स्पेनचा एक राजा बोबडा होता, दरबाऱ्यांनी त्याची नक्कल केली आणि तोच 'थ'सारखा उच्चार देशभर रुळला, ही कहाणी सोलापुरातही स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या कानावर येते. ती निव्वळ दंतकथा. बोबडेपणा असता तर प्रत्येक 'स' बिघडला असता. पण माद्रिदचा माणूस 'सोलापूर' 'स'नेच म्हणेल (फार तर किंचित 'श'कडे झुकलेल्या). वेगळा ध्वनी आहे तो झेड (z) या अक्षराचा, आणि ई-आय (e, i) यांच्या आधी येणाऱ्या सीचा (c). तो जुन्या 'त्स'सारख्या ध्वनींतून १६व्या-१७व्या शतकांत हळूहळू घडला.

उच्चारासाठी जिभेचं टोक दातांच्या फटीत किंचित आणा, हवा सलग सोडा, गळा घुमू देऊ नका. आपला 'थ' इथे चालत नाही, कारण त्यात जीभ दातांना चिकटून हवा अडते. मेक्सिको-अर्जेंटिनासाठी शिकत असाल, तर सरळ 'स' म्हणा.