शस्त्र परवाना: अर्ज कोणाला करता येतो, कागद कोणते लागतात आणि जबाबदारी कुणावर येते

बंदूक बाळगणं हा आपल्याकडे हक्क नाही, हे आधी लक्षात घ्या; पुढची सगळी प्रक्रिया त्यावरच उभी आहे. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने हा हक्क दिला आणि तिथे प्रत्येक मोठ्या गोळीबारानंतर तोच वाद पेटतो: दोष बंदुकीचा, विकणाऱ्याचा, घरात ती उघडी ठेवणाऱ्याचा की फक्त चाप ओढणाऱ्याचा? मिशिगनमध्ये शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनाही २०२४ मध्ये न्यायालयाने मनुष्यवधासाठी दोषी धरलं, ते याच वादातून. भारतात मात्र सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की अमेरिकेसारखा मूलभूत हक्क आपल्या राज्यघटनेत नाही. इथे शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ चालतात. सरकार एका माणसाच्या नावावर एक शस्त्र चढवतं आणि त्या शस्त्राचं पुढे काय झालं याचा जाब त्याच नावाला विचारतं. अर्जातला प्रत्येक रकाना या नजरेने वाचला तर कोणता कागद का मागितलाय हे आपोआप कळतं.

अर्ज कुठे करायचा? मुंबई, पुणे, नागपूरसारख्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे. पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, पॉइंट ३१५ ची रायफल, बारा बोअरची बंदूक ही बिगर-प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) येतात आणि सामान्य अर्जदाराचा संबंध तेवढ्याशीच. नऊ मिलिमीटर, पॉइंट ३८, पॉइंट ३०३ ही प्रतिबंधित बोअरची शस्त्रं आहेत. त्यांचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा, तेव्हा तो मोह सोडलेला बरा.

पात्रतेत पहिली अट वयाची: २१ वर्षं पूर्ण हवीत. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली असेल तर शिक्षा संपल्यावरही पाच वर्षं थांबावं लागतं. शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतलं असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत परवाना नाही. मानसिक स्थिती ठीक नसेल तरी नकार. नुसता खटला चालू आहे एवढ्यावरून माणूस कायद्याने अपात्र ठरत नाही, पण पोलिसांच्या अहवालात तो येतोच आणि बऱ्याचदा अर्ज तिथेच अडतो. लोकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट म्हणजे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ मध्ये लिहिलेलं आहे. शेतजमीन आणि बंगला असल्याशिवाय बंदूक मिळत नाही ही समजूत कायद्यातली नाही. आमदाराचं शिफारसपत्रही कागदांच्या यादीत कुठे नाही, तरी ते जोडणारे जोडतातच.

आता अर्जाचं मर्म: शस्त्र कशासाठी हवं? निम्म्याहून जास्त निकाल या एका रकान्यात लागतो असं माझं मत आहे. नियमांमध्ये व्यवसाय, नोकरी किंवा इतर कारणाने जीविताचं किंवा मालमत्तेचं रक्षण करण्याची खरी गरज असण्याची भाषा आहे. ‘माझा व्यवसाय मोठा आहे, रोख रक्कम बाळगावी लागते, जीविताला धोका वाटतो’ असं लिहिलेले अर्ज ढिगाने येतात आणि त्यांत तपासण्यासारखं काहीच नसतं. त्याऐवजी अमुक तारखेला अमुक पोलीस ठाण्यात तक्रार दिली, तिची प्रत सोबत आहे, त्यानंतर पुन्हा असं घडलं, असं लिहिलं की ठाण्याच्या अधिकाऱ्याला पडताळायला काहीतरी हाती लागतं. धमकीची कधी तक्रारच केली नसेल, तर आधी ती करा. तिच्यामुळे पोलीस बंदोबस्ताने काम भागलं तर परवान्याची गरजही उरणार नाही.

नेमबाजीसाठी अर्ज असेल तर रायफल क्लब किंवा असोसिएशनचे किमान दोन वर्षं सक्रिय सदस्य असल्याचा पुरावा लागतो. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकल्यावर क्लबकडे वळलेल्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं की सुरुवात क्लबच्या शस्त्रावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीत होते. पहिल्या दिवशी परवाना लागत नाही.

तिसरं कारण शेतीसंरक्षण. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत ठासणीच्या बंदुका घरोघरी दिसतात त्या याच परवान्यावर. सातबारा, पिकाचं नुकसान आणि जनावरांचा उपद्रव दाखवावा लागतो. पण परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्याला मारायची परवानगी वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. बंदुकीचा परवाना खिशात असूनही वनगुन्ह्यात अडकता येतं, ते इथेच.

कागदपत्रं तशी फार नाहीत. फॉर्म ए-१ मधला अर्ज, पासपोर्ट आकाराचे चार फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार कार्ड (नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र आणि दुसरं ओळखपत्र), रहिवासाचा पुरावा. यानंतरचे दोन कागद माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे आहेत आणि लोक नेमके तेच उरकून टाकतात. एक, डॉक्टरांचं प्रमाणपत्र: त्यात शारीरिक तंदुरुस्तीबरोबर मानसिक आरोग्याचा आणि दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन नसल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. दोन, शस्त्र सुरक्षितपणे वापरण्याची आणि ठेवण्याची लेखी हमी. शस्त्र रिकामं, कुलपात, काडतुसं वेगळी आणि किल्ली घरातल्या पोरांना माहीत नाही, असं प्रत्यक्षात असायला हवं. पडताळणीला आलेला माणूस कपाट बघायला मागू शकतो, तेव्हा लाकडी फळीवरची चादर बाजूला करून दाखवायची वेळ येऊ देऊ नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदाला मुंबईतल्या स्वतःच्या घरात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. म्हणजे धोका बाहेरच्याच माणसाकडून असतो असं नाही.

शस्त्र हाताळण्याचं सुरक्षा प्रशिक्षणही नियमांनी घालून दिलंय: शस्त्र कसं धरायचं, कसं न्यायचं, कसं साफ करायचं, कुठे ठेवायचं. प्रमाणपत्रापुरतं न जाता शिकून या.

अर्ज राष्ट्रीय शस्त्र परवाना पोर्टलवर भरला जातो. तिथे परवानाधारकाला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर मिळतो. तो नसलेला जुना परवाना आज चालत नाही, म्हणून आजोबांच्या काळातलं पिवळं पुस्तक असेल तर ते तपासून घ्या. मग अर्ज तुमच्या पोलीस ठाण्याकडे जातो. शेजारीपाजारी चौकशी, गुन्ह्यांच्या नोंदी, कारणाची शहानिशा होते. नियमांप्रमाणे पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयाला ६० दिवस आहेत. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो, हे सांगायला नकोच. परवाना मिळाला की त्यात दिलेल्या मुदतीत परवानाधारक विक्रेत्याकडूनच शस्त्र घ्यायचं आणि त्याची नोंद करून घ्यायची. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात (आधी तीन होती) आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी टाका. मुदत उलटून गेल्यावर घरातली बंदूक बेकायदा ठरते, मग ती कितीही वर्षं जुनी असो.

परवाना हातात आल्यावर काय काय करता येत नाही, याची यादी मोठी आहे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र झाकलेलं, हँडगन असेल तर होल्स्टरमध्ये आणि पूर्ण ताब्यात हवं, परजायचं नाही. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोळीने कुणाचा जीव गेला तर त्याचा गुन्हा वेगळा. बीड जिल्ह्यात संतोष देशमुख हत्येनंतर शस्त्र परवान्यांचा विषय ऐरणीवर आला आणि फेरतपासणीत अनेक परवाने रद्द झाले. गाडीच्या बॉनेटवर बसून पिस्तूल मिरवत रील काढणाऱ्यांनी आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच चित्रित करून ठेवलेला असतो, आणि कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करायला तो पुरतो.

दुसऱ्याच्या हातात शस्त्र देणं ही त्याहून गंभीर गोष्ट. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला, तेव्हा वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं निघालं. त्या अंगरक्षकाला पोलिसांनी शस्त्र कायद्याखाली अटक केली. ‘गोळी मी झाडली नाही’ एवढ्या उत्तरावर परवानाधारकाची सुटका होत नाही. शस्त्र मित्राकडे ठेवायला देणं, ड्रायव्हरकडे सोपवणं, भावाला गावी न्यायला देणं, यांतलं काहीच चालत नाही. हरवलं किंवा चोरीला गेलं तर लगेच पोलीस ठाण्यात कळवायचं, दोन दिवस घरात शोधत बसायचं नाही.

निवडणुका जाहीर झाल्या की शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करायची नसतात. जिल्ह्यातली छाननी समिती प्रत्येकाचं प्रकरण पाहून ठरवते. नोटीस आली तर जमा करा आणि पावती जपून ठेवा. आपल्याला का बोलावलं असा प्रश्न पडला, तर तो समितीपुढे लेखी मांडता येतो.

अर्ज नामंजूर झाला तर कारणं लेखी मागा. सार्वजनिक हिताला बाधक नसतील तर ती द्यावी लागतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे अपील होतं, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्याच्या गृह विभागाकडे. अपिलात भावना मांडण्यापेक्षा पोलीस अहवालातल्या नेमक्या मुद्द्याला कागदाने उत्तर द्या.

राहता राहिला वारसाचा प्रश्न, आणि गावाकडे सगळ्यांत जास्त गोंधळ यातच होतो. परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, मग ज्याला हवी त्या वारसाने मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडून स्वतःच्या नावाने नवा अर्ज करायचा. वरच्या सगळ्या अटी त्यालाही लागू. वडील हयात असतील आणि ७० वर्षांचे झाले असतील, किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षं असेल, तर ते स्वतः वारसाचं नाव सुचवू शकतात. ते सुचवून घेतलेलं बरं, कारण वारसांपैकी एकाने जरी ना-हरकतीवर सही द्यायला नकार दिला तर बंदूक ठाण्याच्या मालखान्यात पडून राहते.