शेवट माहीत असूनही छाती का धडधडते?

खून कुणी केला हे आधीच कळलं, तर रहस्यकथेत उरतं काय? सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी हे वाचकांवरच तपासून पाहिलं. त्यांनी १२ लघुकथा घेतल्या. त्यांत अगाथा ख्रिस्ती होती, रोआल्ड डाल होता, चेकॉव्हही होता. काही वाचकांना नुसती कथा दिली, काहींना तिच्याआधी शेवट फोडणारा परिच्छेद. मग १ ते १० मध्ये गुण द्यायला सांगितलं. २०११ साली निकाल छापून आला: शेवट ठाऊक असलेल्यांनी सरासरी जास्त गुण दिले होते, अगदी रहस्यकथांनाही!

यावरून ‘स्पॉयलरने काही बिघडत नाही’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. गुणांमधला फरक एका गुणाहूनही कमी होता. शिवाय २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि जुडिथ रोझेनबॉम या संशोधकांना नेमकं उलट आढळलं: शेवट न फुटलेल्या कथा वाचकांना अधिक रंगतदार आणि मनाला भिडणाऱ्या वाटल्या. आणि प्रयोगातली कथा कुणी अनोळखी माणसाने हातात ठेवलेली, काही मिनिटांत संपणारी. जी मालिका आपण वर्षानुवर्षं जीव लावून पाहिली, तिचा शेवट कुणी बस-स्टॉपवर सांगून टाकला तर होणारा संताप अशा प्रयोगात कसा मोजणार?

तरी एक गोष्ट खरी. शेवट कळला की धक्का जातो, उत्कंठा जातेच असं नाही. रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक सांगायचा, टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाच्या वेळी तो क्षणभर दचकतो. ठाऊक असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही त्याला बसू देत नाहीत. कोकणात दशावताराला रात्रभर बसणाऱ्यांना आख्यान तोंडपाठ असतं. राक्षस मरणार हे पोरांनाही माहीत. पण संवाद कागदावर लिहिलेले नसतात, ते रंगमंचावर उत्स्फूर्त सुचतात. त्यामुळे आज संकासुर नावाचा राक्षस काय बोलेल, हे कुणालाच माहीत नसतं आणि तेवढ्यासाठी माणसं थंडीत जागतात.

पण शेवट माहीत असताना भीती वाटतेच कशी? याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी १९८९ मध्ये मांडला. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. गेरिग यांनी वाचकांना एक उतारा दिला. वॉशिंग्टन थकले आहेत, सार्वजनिक जीवन त्यांना नकोसं झालं आहे, ते हे पद स्वीकारतील की नाही कोण जाणे, अशा धाटणीचा. लगेच विचारलं: ते पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे खरं की खोटं? वाचकांनी ‘खरं’ म्हटलं, पण एरवीपेक्षा जरा उशिराने. गोष्टीत शिरलेलं मन शाळेपासून पाठ असलेल्या उत्तरापाशीही क्षणभर अडखळलं होतं.