नेहमीचा इओसिनोफिलिया आणि त्याआडचा दुर्मिळ आजार

कोल्हापुरात इओसिनोफिलिया ही पित्ताइतकीच घरगुती तक्रार. गुऱ्हाळं पेटली, फडात पाचट जळायला लागलं की खोकला धरतो. रक्त तपासलं की इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ६ टक्क्यांच्या वर. कारण बहुधा ॲलर्जी नाहीतर जंत, आणि गोळ्यांवर भागतं. त्यामुळे या पेशी बेसुमार वाढून अवयवांना इजा करतात त्या दुर्मिळ आजाराचा, म्हणजे हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोमचा, संशय यायलाच उशीर होतो.

या पेशी पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये इओसिन रंगाने ओळखल्या. १९३२ मध्ये लोफ्लर यांनी इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांच्या छातीच्या एक्स-रेवर आपोआप विरणारे डाग नोंदवले. पुढचा महत्त्वाचा धागा भारतातला आहे. आंध्रात मदनपल्लीजवळच्या क्षयरोग आरोग्यधामात काही रुग्ण टीबीचे म्हणून यायचे, पण टीबीचे जंतू सापडायचे नाहीत आणि इओसिनोफिल मात्र भरमसाट. फ्रिमोट-मोलर आणि बार्टन यांनी हे १९४० मध्ये लिहिलं. वाइनगार्टन यांनी १९४३ मध्ये त्याला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ म्हटलं. तेव्हा उपाय सोमलाच्या (आर्सेनिकच्या) इंजेक्शनांचा! मूळ हत्तीरोगाच्या जंतूत आहे हे नंतर कळलं आणि त्या जंतूवरचं औषध हेट्राझान आलं. जुने डॉक्टर रात्रीच्या खोकल्याला अजून त्याचं नाव काढतात.

पण काहींना जंत नाहीत, ॲलर्जी नाही, तरी पेशी वाढतच राहतात. हार्डी आणि अँडरसन यांनी १९६८ मध्ये त्यांचा हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम हा वेगळा गट मांडला. १९७५ मध्ये चुसिद आणि सहकाऱ्यांनी निकष घातले: मायक्रोलिटरला १५०० हून जास्त पेशी, सहा महिने, दुसरं कारण नाही, आणि अवयवाला इजा. सहा महिन्यांची अट पुढे सैल झाली, ते बरंच झालं. तोवर हृदयाला होणारी इजा कशाला थांबतेय?

फुप्फुसात या पेशी शिरतात आणि त्यांच्या कणांतली विषारी प्रथिनं ऊतींना इजा करतात. कोरडा खोकला, धाप, सीटीवर धुरकट डाग, कधी छातीत पाणी. रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकते, किंवा धाप मुळात हृदयामुळे असते, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतोच. स्टिरॉइड उपयोगी पडतं, पण आधी स्ट्राँगिलॉइडिस हा जंत तपासायला हवा. तो असेल तर स्टिरॉइडने अंगभर पसरून जिवावर बेततो.

२००३ मध्ये काही रुग्णांत दोन जनुकं जोडली गेल्याचं सापडलं. अशांना रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब लागू पडतं. बाकीच्यांपैकी काहींसाठी मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला या आजारासाठी २०२० मध्ये मान्यता मिळाली.