ग्लासातला बर्फ: प्राथमिक शाळेत हवामान बदल आला तो कसा

गोव्यातल्या पोरांनी बर्फ बघितलेला असतो तो मासळी मार्केटात. लादी फोडून चुरा बांगड्यांवर पसरलेला, खालून लालसर पाणी गळतंय, नाहीतर मग जत्रेतला गोळा. त्यामुळे पहिली-दुसरीला ध्रुवावरचा बर्फ वितळतोय हे सांगायचं म्हटलं की टीचर चार्टकडेच वळतात, आणि सगळा घोळ त्या चार्टपासूनच सुरू झाला असं माझं मत आहे.

परिसर अभ्यास प्राथमिकला १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून आहेच, पण त्यात झाडं, नदी, स्वच्छता एवढंच. १९९१ ला देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा म्हटलं, बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही, मग २००३ ला पुन्हा कान पिळले आणि २००४ ला पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम तयार झाला. तो शाळांत नीट पोचतोय तोवर २००५ चा नवीन आराखडा आला, त्याचं म्हणणं वेगळा विषय नकोच, सगळ्या विषयांत मिसळून शिकवा. यावर तेव्हा भरपूर वाद झाला आणि अजून तो पूर्ण मिटलेला नाही. मिसळा म्हणणारे कागदावर बरोबर होते, सहा वर्षांच्या मुलाला भाषा वेगळी आणि पर्यावरण वेगळं असं काही नसतं. पण मिसळायचं म्हणजे झाला बारभाईचा कारभार, भाषेच्या टीचरना वाटतं ते विज्ञानवाले बघतील, विज्ञानवाल्यांना वाटतं भूगोलात येईल. वेगळा विषय ठेवला तर निदान कोणाची तरी जबाबदारी राहते, पण मग मार्क येतात, मार्क आले की प्रोजेक्ट, आणि प्रोजेक्ट म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातला तयार चार्ट. त्या चार्टवर पांढरं अस्वल आणि पेंग्विन एकाच बर्फाच्या तुकड्यावर बसलेले (एक उत्तर ध्रुवाकडचं, दुसरा दक्षिणेचा, जन्मात भेट होणार नाही!) आणि वर ओझोनचं भोक, त्यातून ऊन येतंय म्हणून बर्फ वितळतोय. ओझोनचा प्रश्न वेगळा आणि कार्बन डायऑक्साइडमुळे हवा तापते तो वेगळा, पण दोन्ही एकाच चार्टवर आले ते आजही सुटे झालेले नाहीत.

मग चार्टच्या जोडीला प्रयोग आला. ग्लासात पाणी, वर बर्फाचे खडे, वितळू दे, बघा समुद्र कसा वाढतो. आता पाण्याची खूण करून ठेवलीत तर ती हलतच नाही, कारण तरंगणारा बर्फ वितळल्यावर जेवढी जागा पाण्यात अडवून बसला होता तेवढंच पाणी देतो. मुलं बरोबर बघतात आणि टीचर अडकतात. यासाठी दोन ग्लास लागतात, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढेल असा दगड ठेवायचा आणि बर्फ त्या दगडावर. तिथे पाणी चढतं. उत्तर ध्रुवाचा समुद्रावरचा बर्फ म्हणजे पहिला ग्लास, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ म्हणजे दुसरा.

आणि हे गोव्यात कळू नये याचं मला नवल वाटतं, कारण भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला निघाली ती आपल्या मुरगाव बंदरातून, ९ जानेवारी १९८२ ला पोचली. १९९८ पासून त्या कामाचं केंद्र वास्कोला हेडलँड सड्यावर आहे. पहिला तळ दक्षिण गंगोत्री बांधला तो समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर, काही वर्षांत बर्फाखाली गाडला गेला, म्हणून पुढचा मैत्री खडकावर बांधला. म्हणजे तरंगणारा बर्फ आणि खडक यांतला फरक आपल्याच गोष्टीत होता, पण पुस्तकात आलं अस्वल.

अलीकडे आणखी एक भर पडली. १९७१ ते २०१८ मधल्या समुद्रवाढीचा साधारण निम्मा भाग पाणी तापून फुगल्यामुळे आहे, हिमनद्या आणि मोठे बर्फाचे थर मिळून ४२ टक्के. मग बर्फावरच एवढा भर कशाला असं काही जण विचारतात. माझ्या मते लहानांना बर्फच बरा, फुगणारं पाणी डोळ्यांना दिसत नाही, ते सहावी-सातवीला थर्मामीटर हातात आल्यावर करता येईल.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर ३ ते ८ वयाचा पायाभूत टप्पा आला, खेळातून शिकवा म्हणतात, त्यामुळे चार्टचा जोर थोडा कमी होईल. नवीन टीचर दिवाडी-चोडण बेटांवरची खाजनं (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतं), बांध, मानस (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) दाखवून खारं पाणी समजावतात ते चांगलंच आहे, फक्त बांध फुटला की लगेच समुद्रपातळीवर खापर फोडू नये, बऱ्याचदा तो वेळेवर दुरुस्ती न झाल्यामुळे फुटतो. आणि इतक्या लहान वयात घाबरवायचं किती, शहरं बुडणार हे सांगायचं की नाही, यावर पालकसभेत दोन तट पडतात ते पडतातच.