मांडीचं हाड जुळतं, अडतो तो गुडघा

वर्धा रोडवर बाइक घसरून मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर तुटलं, की नागपूरचं मेडिकल असो वा मेयो रुग्णालय, नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, रॉड टाकणार की प्लेट?" नागपुरात मेडिकल कॉलेज सुरू झालं १९४७ मध्ये. त्या काळी हा प्रश्न कुणाच्या तोंडी आला नसता. तेव्हा जगभर मुख्य उपाय एकच, वजन लावणं.

नडगीच्या वरच्या भागातून स्टीलची पिन आरपार घालायची. ही पद्धत स्विस सर्जन स्टाइनमान यांची, १९०७ ची. पिनला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, टोकाला वजन. रोगी वजनाकडे घसरू नये म्हणून खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवलेले. असं सहा-आठ आठवडे उताणं पडायचं. पाठीला जखमा व्हायच्या, मांडीचे स्नायू आटायचे.

या जागेची खोड वेगळीच. पोटरीचा स्नायू खालच्या तुकड्याला मागे खेचतो आणि मागेच पायाची मुख्य धमनी असते. म्हणून गुडघा थोडा वाकवून ठेवावा लागे. एवढं करूनही बहुतेक वेळा हाड जुळायचंच. रुसायचा तो गुडघा. पाटावर मांडी घालून जेवणाऱ्याला ही शिक्षा लहान नव्हती.

तरी शस्त्रक्रिया का नको? कारण ती वाईट होत होती. अमेरिकेत चार्ल्स नीर यांनी १९६७ मध्ये ११० फ्रॅक्चरचा हिशेब मांडला: ऑपरेशनविना ९० टक्के समाधानकारक, ऑपरेशननंतर ५२. पुढे बरीच वर्षं हा आकडा ऑपरेशनविरुद्ध पुढे केला गेला. माझ्या मते दोष चाकूपेक्षा सामानाचा होता; प्लेटा तकलादू, त्यामुळे ऑपरेशन करूनही वर प्लास्टर घालावंच लागे. म्हणजे दोन्हीकडचं नुकसान.

चित्र पालटलं ते १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एओ या सर्जनांच्या गटामुळे. त्यांचा आग्रह असा: सांध्याचा पृष्ठभाग तंतोतंत जुळवा, हाड घट्ट बसवा आणि गुडघा लगेच हलवायला लावा. त्यांच्या ९५ अंशांच्या ब्लेड प्लेटचा, म्हणजे हाडात शिरणारं पातं जोडलेल्या प्लेटचा, यात मोठा वाटा. १९७४ मध्ये टोरोंटोहून शॅट्झकर यांनी नेमका उलटा हिशेब दिला: ऑपरेशननंतर ७५ टक्के चांगले, त्याविना ३२.

मग गुडघ्यातून वर घालायचा रॉड आला आणि २००० च्या आसपास लॉकिंग प्लेट. तिचे स्क्रू प्लेटच्याच आट्यांत अडकतात, म्हणून ठिसूळ हाडातही पकड टिकते. म्हाताऱ्यांसाठी हे मोलाचं ठरलं, कारण आता गाडीवरून पडलेल्या तरुणांसोबत न्हाणीघरात पाय घसरलेल्या आज्याही येतात. काहींचा गुडघा आधीच बदललेला असतो, आणि हाड तुटतं ते त्या कृत्रिम सांध्याच्या अगदी वर. तिथे कधी प्लेट आणि रॉड दोन्ही लावतात, तर कधी हाडाचा तो टोकाचा भागच काढून धातूचा बसवतात.