धर्मभगिनी

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एखाद्या संघात सामूहिक जीवन जगणारी कॅथलिक स्त्री म्हणजे धर्मभगिनी. बोलताना सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणतात. वसईकडच्या कॅथलिक समाजात धर्मभगिनी हा शब्द रुळलेला आहे. ती धर्मगुरू नव्हे. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणे, पापनिवेदन ऐकून क्षमा देणे हे अधिकार तिला नाहीत. कार्मेलाइटसारख्या काही संघांतील व्रतस्थ स्त्रिया मठाच्या चार भिंतींआड राहून केवळ प्रार्थना करतात. शाळा, दवाखाना, वस्ती, अनाथालय अशा ठिकाणी लोकांत वावरणाऱ्या बहुसंख्य सिस्टर त्यांच्याहून वेगळ्या.

हा दुसरा प्रकार सहजासहजी आलेला नाही. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ मध्ये सर्व व्रतस्थ स्त्रियांना मठाबाहेर पडण्यास मनाई केली आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये तो नियम आणखी आवळला. मुलींना शिकवण्यासाठी किंवा आजाऱ्यांची सेवा करण्यासाठी बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रियांना त्यामुळे आडवळणाने जावे लागले. फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारिलाक यांनी १६३३ मध्ये ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ काढला, तेव्हा मठाचा नियम लागू होऊ नये म्हणून त्यातल्या स्त्रियांना आजन्म व्रते दिलीच नाहीत. त्या दरवर्षी नव्याने व्रत घेत, आजही घेतात. अशा संघांना चर्चच्या कायद्यात पक्के स्थान मिळाले ते पोप तेरावे लिओ यांच्या १९०० सालच्या आदेशाने, म्हणजे काम सुरू झाल्यावर तब्बल अडीचशेहून अधिक वर्षांनी.

भारतात दोन्ही काळांच्या खुणा आहेत. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठ १६०६ मध्ये स्थापन झाला. त्याची इमारत १६२७ मध्ये पूर्ण झाली. ती तीन मजली, किल्ल्यासारखी आहे. आत राहणाऱ्या, मुख्यतः पोर्तुगीज घराण्यांतल्या स्त्रियांना बाहेर येण्याची मुभा नव्हती. पोर्तुगालने १८३४ मध्ये धर्मसंघांवर गदा आणली आणि मठात नव्या मुली घेणे थांबले. असलेल्या एकेक करून वारल्या आणि मठ ओस पडला. नेमक्या त्याच शतकात भारतात दुसऱ्या प्रकारच्या सिस्टर येऊ लागल्या. फ्रान्समधील ल्यों येथील ‘जीझस अँड मेरी’ संघाच्या सिस्टर १८४२ मध्ये आग्र्याला आल्या आणि पुढे मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचल्या. ‘फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी’ या संघाचा तर जन्मच १८७७ मध्ये उटकमंडला (उटीला) झाला. मुंबईत १९४२ मध्ये मदर अॅना ह्युबर्टा यांनी ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा संघ सुरू केला.

मुलगी सिस्टर होते ती ‘पाचारणा’मुळे, म्हणजे देवाने आपल्याला बोलावले आहे या जाणिवेमुळे, अशी चर्चची धारणा आहे. प्रत्यक्षात हे बोलावणे बहुधा ओळखीच्या चेहऱ्यातून येते: शाळेतली एखादी सिस्टर, आधीच संघात गेलेली मावशी किंवा आत्या. बोलावणे खरे की तात्पुरता उत्साह, हे पारखायला संघ घाई करत नाही. आधी उमेदवारी, मग नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीचा तयारीचा काळ. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, नॉव्हिशिएटसाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण लागतात आणि तिथे किमान बारा महिने काढावे लागतात. या काळात बाहेरचे काम जवळजवळ नाहीच. प्रार्थना, संघाच्या नियमांचा अभ्यास, बाग आणि स्वयंपाकघर. त्यानंतर तात्पुरती व्रते, साधारण तीन ते सहा वर्षांची, आणि मग आजन्म व्रते. म्हणजे पहिल्या दिवसापासून शेवटच्या व्रतापर्यंत आठ-दहा वर्षे सहज जातात. अखेरच्या व्रतविधीत तिला वेदीसमोर जमिनीवर पालथे झोपवतात आणि जमलेले लोक सगळ्या संतांची नावे घेत तिच्यासाठी विनवणी करतात. घरच्यांचा बांध बहुधा याच वेळी फुटतो.

बाहेरच्या जगाला तीन व्रतांपैकी ब्रह्मचर्याचेच कुतूहल जास्त. सिस्टरचे रोजचे आयुष्य मात्र उरलेली दोन व्रते घडवतात.

दारिद्र्यव्रताची रचना चक्क हिशेबी आहे. बहुतेक संघांत सिस्टरची वडिलोपार्जित मालमत्तेवरची मालकी कायद्याने शिल्लक राहते, पण पहिल्या व्रताआधी तिला त्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो आणि आजन्म व्रताआधी देशाच्या कायद्यात टिकेल असे मृत्युपत्र करावे लागते. तिच्या कष्टाचे मोल संघाचे. पगार, निवृत्तिवेतन, विम्याचे पैसेही संघाच्याच खात्यात जातात. प्रवासाचे पैसे, औषध, चपलांचा नवा जोड यांसाठी ती संघाच्या ज्या घरात राहते, त्याच्या प्रमुखाकडे मागते आणि महिन्याअखेरीस हिशेब देते. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार तिचा नाहीच, तर त्यावर प्राप्तिकर का कापायचा, असा वाद दक्षिण भारतातून निघाला आणि वरपर्यंत गेला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये संघांची बाजू फेटाळली: पगार व्यक्तीला मिळतो, पुढे तो कोणाला द्यायचा हा तिचा प्रश्न. धर्मविधिसंहिता आणि आयकर कायदा यांची अशी समोरासमोर गाठ क्वचितच पडते.

आज्ञापालनाचे रोजचे रूप म्हणजे बदलीचे पत्र. शाळेचे वर्ष संपत आले की प्रांतप्रमुख, म्हणजे प्रॉव्हिन्शियल, नव्या नेमणुका कळवतात. दहा वर्षे एका शाळेत मुख्याध्यापिका असलेली सिस्टर जूनमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातल्या वसतिगृहात साधी कार्यकर्ती म्हणून हजर होते, एका-दोन बॅगांसह. आधी बोलणे होते, अडचणी ऐकल्या जातात, पण शेवटचा शब्द प्रमुखांचा. या प्रमुख निवडून येतात. ठरावीक वर्षांनी प्रतिनिधींची महासभा भरते आणि ती गुप्त मतदानाने सर्वोच्च प्रमुख निवडते. स्त्रियांनी स्त्रियांना मत देऊन चालवलेला हा कारभार भारतातल्या स्त्रियांच्या मताधिकाराहून पुष्कळ जुना आहे.

या व्रताचे सर्वांत माहितीतले उदाहरण मदर तेरेसांचे. त्या १९२८ मध्ये लोरेटो संघात गेल्या आणि पुढच्या वर्षी कलकत्त्याला आल्या. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना गाडीत त्यांना नव्या कामाची हाक जाणवली, पण त्या लगेच बाहेर पडल्या नाहीत. आर्चबिशपांनी थांबवले, रोमकडे अर्ज गेला आणि परवानगी येऊन त्यांनी लोरेटोचे घर सोडेपर्यंत ऑगस्ट १९४८ उजाडला. ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ला मान्यता मिळाली ७ ऑक्टोबर १९५० रोजी. या संघात गरिबांतल्या गरिबांची विनामूल्य सेवा हे चौथे व्रत आहे. निळ्या काठाच्या पांढऱ्या सुती साड्या टिटागढ येथे कुष्ठरोगातून उठलेले लोक विणतात. एका सिस्टरकडे अशा तीन साड्या असतात आणि त्या बादलीत हातानेच धुवायच्या.

आज्ञेचे हे ओझे पटत नसलेली माणसेही होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, तो अँग्लिकन सिस्टरांच्या संघात राहत असताना (अँग्लिकन पंथातही असे संघ आहेत). त्या सिस्टरांशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला की देवावरची श्रद्धा आणि धर्माधिकाऱ्यांचा शब्द यांत रमाबाई किती कडक रेघ ओढतात ते दिसते. रमाबाई स्वतः त्या संघाच्या सिस्टर झाल्या नाहीत.

संघाच्या घरातला दिवस पहाटे सुरू होतो: मूक चिंतन, सकाळची प्रार्थना, मिस्सा, न्याहारी, मग काम. संध्याकाळी सायंप्रार्थना, जपमाळ, जेवण, थोडा वेळ गप्पा किंवा टीव्हीवरच्या बातम्या, रात्रीची प्रार्थना आणि त्यानंतर मौन. स्वयंपाकाच्या आणि झाडलोटीच्या पाळ्यांचा तक्ता जेवणघरात लावलेला असतो. त्यात मुख्याध्यापिकेलाही सूट नाही. चर्चमध्ये मोठ्या सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) हे असे नव्हते. अनेक मठांत हुंडा घेऊन आलेल्या सुशिक्षित भगिनी आणि स्वयंपाक-धुणी करणाऱ्या भगिनी अशा दोन पायऱ्या असत. परिषदेच्या १९६५ मधील आदेशाने ही उतरंड मोडायला सांगितली. पोशाखही साधा, आरोग्याला बरा आणि स्थानिक परिस्थितीला साजेसा असावा, असे त्यात म्हटले होते. भारतातल्या बऱ्याच संघांनी त्यानंतर पायघोळ झगा सोडून साडी घेतली; खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या सिस्टर आता सलवार-कमीजमध्येही दिसतात.

काम बदलले तसा धोकाही बदलला. केरळच्या राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टरने मध्य प्रदेशातील उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना बचतीला लावले, सावकारांच्या विळख्यातून बाहेर काढले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि बाहेर ओढून त्यांना भोसकून मारले. मारेकऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आले.

चर्चच्या आतल्या तक्रारी उशिरा बाहेर आल्या. व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राच्या स्त्रीविषयक पुरवणीने मार्च २०१८ मध्ये बिशप आणि धर्मगुरूंच्या घरी फुकट राबणाऱ्या सिस्टरांबद्दल लिहिले. धर्मगुरूंकडून सिस्टरांचे लैंगिक शोषण होते, हे पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये पत्रकारांसमोर कबूल केले. आज्ञापालनाचे व्रत आणि पैशाचे परावलंबन एकत्र आले की ‘नाही’ म्हणणे किती अवघड होते, हे या प्रकरणांनी दाखवले. नियमानुसार संघ सोडता येतो: आजन्म व्रतांतून मुक्ती द्यायचा अधिकार संघाच्या दर्जानुसार रोमकडे किंवा बिशपकडे असतो. पण बाहेर पडणारीला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संघाने तिच्याशी ‘न्यायाने आणि दयाळूपणे’ वागावे, एवढेच संहिता सांगते. अधिकाराच्या वरच्या पायऱ्यांवर थोडा बदल झाला आहे: जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला व्हॅटिकनमधील एका प्रमुख खात्याच्या प्रमुख झाल्या. त्या पदावर आलेली ही पहिली स्त्री, आणि ते खाते धर्मसंघांचेच आहे.

१९७० च्या सुमारास जगात दहा लाखांच्या आसपास सिस्टर होत्या. आता सहा लाखांहून कमी आहेत. युरोप-अमेरिकेत मठ विकले जात आहेत. भारतात हा आकडा लाखाच्या घरात असला, तरी कुटुंबात एक-दोनच मुले असल्यामुळे केरळ आणि वसईसारख्या जुन्या कॅथलिक भागांतून मुली कमी येतात. छोटानागपूर आणि ईशान्य भारतातून त्या मानाने जास्त. ज्या युरोपीय संघांनी दीडशे वर्षांपूर्वी इकडे सिस्टर पाठवल्या, त्यांच्यापैकी काहींच्या तिकडच्या वृद्ध सिस्टरांची शुश्रूषा आज भारतातून गेलेल्या सिस्टर करत आहेत.